न कापलेली पानं

दिंडुक्कल, ८ फेब्रुवारी १९५९

मामांना रघुपतीचा नमस्कार. पुढे उलट बोलायची वेळ येणार आहे, म्हणून आधीच नीट वाकून करतो आहे.

मिशन कॉलेजात मला येत्या जूनमध्ये दोन वर्षं पुरी होतात. कायम व्हायचं तर एका कागदावर सही लागते. त्यात एकच वाक्य आहे: मी वर्गात जे शिकवतो त्यात ख्रिस्ती धर्माच्या मूळ श्रद्धेला विरोधी असं काही नाही. केमिस्ट्रीच्या रामस्वामीनं उभ्या उभ्या सही ठोकली. ऑक्सिजनचं कुठल्याच धर्माशी वाकडं नाही, म्हणाला. मी मात्र बी. ए.च्या पोरांना कांट शिकवतो, आणि माझं पेन तिथेच अडलं.

प्रिन्सिपॉलसाहेब माणूस सज्जन आहे. त्यांनी मला खोलीत बोलावलं, काफी पाजली आणि कॉलेजच्या मासिकाचा १९३७चा अंक पुढे ठेवला. त्यात तुमचा लेख होता, कांट आणि ख्रिस्त यांच्यावर. तुम्ही इथे सहा वर्षं काढलीत हे ठाऊक होतं. लेख ठाऊक नव्हता. साहेब हसून म्हणाले, “तुमच्या मामांनी हा प्रश्न बावीस वर्षांपूर्वीच सोडवलाय, मिस्टर राव. तुम्ही का अडून बसलात?”

लेख मी तीनदा वाचला. अर्धा भाग फार सुरेख उतरलाय. माणसाच्या स्वभावात मुळातच एक वाकडेपणा आहे असं कांट म्हणतो आणि पाद्रीही तेच म्हणतात, इथवर ठीक. पण तिथून तुम्ही एकदम उडी मारून “तेव्हा दोघांत विरोध नाही” म्हणून मोकळे झालात. मामा, कांटाच्या मते आपलं पाप आपणच निस्तरायचं असतं, ते दुसऱ्याच्या खांद्यावर देता येत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा तर पायाच असा, की एकानं सगळ्यांचं उचललं. ही दोन्ही एका घरात कशी नांदवायची? तुम्ही काही मार्ग काढला असेल तर कळवा. निघाला तर मी उद्या सही करतो. नाही निघाला तर सही म्हणजे खोटं बोलणं, आणि खोटं बोललो म्हणून तुम्हीच मला दिवसभर दारापुढच्या ओट्यावर, त्या तिण्ण्यावर, बसवलं होतंत. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो.

अंबुजाला सांगा, तिनं वाळवून पाठवलेले तळणीचे वडाम संपले.

रघुपती

*

तंजावर, १३ फेब्रुवारी १९५९

चि. रघुपती यास मामाचे आशीर्वाद, आज जरा हात आखडून.

तुझं पत्र पावलं. दुपारची जेवणं झाल्यावर झोपाळ्यावर बसून रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचलं. या घरात मराठी बोलणारे तिघं, पण देवनागरी वाचणारा मी एकटा. तुझ्या मामीचं आणि अंबुजाचं लिहिणंवाचणं सगळं तमिळ. तेव्हा तुझ्या कांटाचं ओझं माझ्याच घशावर. मामी दुसऱ्या परिच्छेदाला पेंगली. अंबुजा वडामांचं वाक्य येईपर्यंत बसली आणि मग हिंदीच्या क्लासला पळाली. आपल्या मेलवीथी रस्त्यावरच्या सगळ्या पोरी हल्ली हिंदीच्या परीक्षा देत सुटल्यात. हिच्या दोन झाल्या, सर्टिफिकेटं झोपाळ्यावरच्या भिंतीवर टांगली आहेत. ती हिंदी बोलणार कोणाशी ते तो बृहदीश्वर जाणे.

आता मुद्द्याचं. तू शहाणा आहेस, पण तुझं शहाणपण नको तिथे उगवतं. मी वडिलांच्या श्राद्धाला कावळ्यापुढे भात ठेवतो. कावळा म्हणजे माझे वडील, असं मी मानतो का? नाही मानत. तरी ठेवतो, आणि कावळा शिवेपर्यंत उपाशी उभा राहतो. जगात काही गोष्टी अशा करायच्या असतात. सही त्यातलीच एक. कांट देव नाकारत नाही, आत्म्याचं अमरत्व नाकारत नाही. पाद्र्याला आणखी काय पाहिजे? बाकी बारीक काथ्याकूट परीक्षेत कोणी विचारत नाही.

आणि हे लक्षात ठेव. तुझ्या कांटानं जन्मभर लग्न केलं नाही. कोणाच्या पोरीला शब्द देऊन तो बसला नव्हता. तू बसला आहेस. मामाच्या मुलीवर भाच्याचा पहिला हक्क, म्हणून मी दोन वर्षं कोणाला दारात उभं केलं नाही. आता पापनाशमहून स्थळ आलंय. मुलगा तालुका कचेरीत कायम आहे. त्यांना मी काय सांगू? भाचा जर्मन तत्त्वज्ञाची परवानगी येईपर्यंत थांबा म्हणतो? ज्येष्ठात मुहूर्त आहेत. सही कर आणि ये.

तुळजाराम

*

दिंडुक्कल, २२ फेब्रुवारी १९५९

मामांना नमस्कार.

कावळ्याचं तुमचं म्हणणं मला दोन दिवस पटलं होतं. मग वाटलं, हा कावळा माझे वडील आहेत, असं लिहून खाली सही करा म्हणून तुम्हांला कोणी कधी सांगितलेलं नाही. कोणी सांगितलं असतं तर तुम्ही भात ठेवला असता आणि कागद फाडला असता. मी तुम्हांला ओळखतो.

माझ्या शेजारच्या खोलीत देवसहायम बसतो. चार पिढ्यांचा ख्रिस्ती, रविवारी देवळात पेटी वाजवतो. त्यालाच विचारलं. तो म्हणाला, “जुळत नाहीच. मी कांट पूर्ण शिकवतो आणि रविवारी गुडघेही टेकतो. दोन्ही माझंच आहे, मला त्याची भीती वाटत नाही. तुम्ही लोक आमच्या श्रद्धेला इतकं का जपता? ती काही काचेची नाही.” मग मी साहेबांना म्हटलं, सही करतो, पण खाली एक ओळ लिहू द्या: जिथे विरोध आहे तिथे तो आहे असंच सांगेन. साहेबांनी ती ओळ कमिटीपुढे नेली. उत्तर यायचंय.

हा पुढचा परिच्छेद मोठ्यानं वाचू नका. कांटाचं धर्मावरचं पुस्तक मी लायब्ररीतून काढलं. कार्डावर एकच नाव आहे, तुमचं. चौदा महिने तुमच्याकडे होतं. विलायती पुस्तकांची पानं कडेला जोडलेली येतात, वाचणारा कापत कापत पुढे जातो. या पुस्तकाची पानं पहिल्या भागाअखेरपर्यंत कापलेली आहेत. दुसरा भाग, जिथे पाप दुसऱ्याला देता येत नाही असं तुमचा जर्मन तत्त्वज्ञ लिहितो, तो अजून जोडलेलाच होता. पुढचे दोन्हीही. शनिवारी दुपारी बसून मी ते भाजी चिरायच्या सुरीनं कापले. मामा, तुम्ही बाकीचं दुसऱ्या कुठल्या प्रतीत वाचलं असेल ना? एवढंच कळवा. मला ते ऐकायचंय.

याच्या खालचं मात्र नक्की वाचा. कमिटी नाही म्हणाली तर मी राजीनामा देणार आहे. अंबुजाला विचारा, नोकरी नसलेल्या माणसाशी लग्न करायला ती तयार आहे का. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत कळवा.

रघुपती

*

तंजावर, ३ मार्च १९५९

रघुपतीस,

पुस्तकाचं म्हणशील तर बाइंडरची गफलत. बावीस वर्षांपूर्वीचं मला काय आठवतंय? तू तिकडे पोरांना शिकवायला गेला आहेस की मामाच्या लायब्ररी कार्डाचा तपास करायला?

तुझा तो देवसहायम ख्रिस्ती आहे, त्याला चालतं. घरचा माणूस घरात काहीही बोलतो. तू पाहुणा. पाहुण्यानं यजमानाच्या भिंतीला तडा आहे म्हणून बोट दाखवायचं नसतं. ही साधी रीत तुझ्या आईनं तुला तिरुवैयारूत शिकवली असेल असं मला वाटत होतं. अक्काला मी पत्र टाकलंय. ती रडते आहे असं उत्तर आलं.

अंबुजाला विचारलं. ती म्हणाली, कायम नोकरी नसेल तर नको.

आता तरी सही कर. हात जोडतो.

तुळजाराम

*

दिंडुक्कल, १९ एप्रिल १९५९

मामांना नमस्कार.

दीड महिना लिहिलं नाही, रागावू नका. लिहायला बसलो की कागदावर नुसत्या रेघा ओढत होतो.

कमिटीनं ती ओळ नाकारली. साहेबांनी मला पुन्हा बोलावलं. म्हणाले, “मला स्वतःला तुमची ओळ आवडली होती. पण सहीखाली ओळी लिहायला लागलो तर उद्या प्रत्येक जण आपापली लिहील.” मी राजीनामा दिला. त्यांनी तो दोन दिवस टेबलावर तसाच पडू दिला, मी परत घेईन म्हणून. घेतला नाही. जूनपासून तिरुचीच्या एका ट्युटोरियलमध्ये नापास पोरांना लॉजिक शिकवीन.

तत्त्वासाठी काही केलं की मन हलकं होतं असं मी वर्गात सांगत असे. आता सांगणार नाही. मला नुसता वैताग आलाय. कमिटीचा आला, साहेबांच्या चांगुलपणाचा आला, सगळ्यांत जास्त माझा आला. सगळ्यांनी सही केली आणि कोणाचं काही अडलं नाही. पोरं पुढच्या वर्षी कांट शिकतीलच, कोणीतरी पहिला भाग शिकवून पुढे जाईल.

अंबुजाचं म्हणणं बरोबर आहे. तिला दोष नाही. पापनाशमचं स्थळ बघा.

एकच विचारतो, रागावू नका. १९३७ साली तुम्ही सही केलीत तेव्हा तुम्हांला काय वाटलं होतं?

रघुपती

*

तंजावर, २ मे १९५९

चि. रघुपती यास आशीर्वाद. आज हात आखडलेला नाही.

तुझं पत्र येऊन दहा दिवस झाले. या वेळी पत्रातलं फारसं कोणाला वाचून दाखवलं नाही. डोळे दुखतात म्हणून सांगितलं.

बाइंडरची गफलत नव्हती. पानं मीच कापली नाहीत. त्या साली तुझी मामी दोन जिवांची होती, अंबुजा पोटात होती. सासरे दर आठवड्याला विचारत होते, कायम कधी होणार. तोच कागद, तेच वाक्य. त्यावर आमचे साहेब मला म्हणाले, एवढं शिकवता तर मासिकात लिहा की. मी पुस्तक काढलं. पहिला भाग वाचला आणि जीव भांड्यात पडला. हवं ते मिळालं होतं. पुढचं पान कापायला कात्री घेतली आणि खाली ठेवली. पुढे काय निघेल याचा मला अंदाज होता, रघुपती. अंदाज होता म्हणूनच ठेवली. अगदीच ठाऊक नसतं तर मी आनंदानं वाचलं असतं.

लेख सगळ्यांना आवडला. सहीही झाली. पुढे वर्गात कोणी दुसऱ्या भागाचं विचारलं की मी म्हणायचो, तो सिलॅबसमध्ये नाही. नव्हताच, ते खरं होतं. पण खऱ्या गोष्टीच्या मागे लपून राहणं किती सोपं असतं ते मला त्या वर्षांत कळलं. मग तंजावरला हायस्कुलात आलो, हेडमास्तर झालो, आणि खोटं बोलणाऱ्या पोरांना तिण्ण्यावर बसवू लागलो. त्यात तूही होतास.

तुझ्यावर ओरडत होतो ते का, हे तुला आता समजलं असेल. तू कागदाला हात लावला नाहीस आणि माझी जुनी सही उघडी पडली. मला तुझा राग येत होता, आणि तू जिंकावंस असंही वाटत होतं. दोन्ही एकदम. म्हातारपणी ही चैन परवडत नाही.

तुला आणखी एक सांगायचं होतं. मामी जेवायला हाका मारते आहे. पुढच्या वेळी लिहीन.

तुळजाराम

*

दिंडुक्कल, १० मे १९५९

मामांना नमस्कार.

तुमचं पत्र मी जपून ठेवलंय. लेखापेक्षा हे चांगलं लिहिलंत. उगाच मन लावून घेऊ नका. तुम्ही सही केली नसती तर मला शिकवायला घरात कोण मास्तर असता? तिण्ण्यावर बसवल्याचाही राग नाही. पाप एकाचं दुसऱ्याला देता येत नाही असं कांट म्हणतो, पण ते ऐकून घेता येत नाही असं त्यानं कुठे म्हटलेलं मला तरी सापडलं नाही.

देवसहायम सामान बांधायला मदत करतोय. तो म्हणतो, दोन्ही बाजूंनी तुम्हांलाच मार बसला, आता तरी ख्रिस्ती व्हा. मी म्हटलं, तुमची कमिटी घेणार नाही. दोघं बराच वेळ हसलो. फार दिवसांनी हसलो.

तिरुचीला जाताना तंजावरला उतरणार नाही. मागच्या पानावर अंबुजासाठी दोन ओळी आहेत. तेवढ्या तिला वाचून दाखवा आणि मग हा विषय मी कधी काढणार नाही.

रघुपती

*

तंजावर, १७ मे १९५९

तुम्हांला काय म्हणून हाक मारायची ते ठरेना, म्हणून मायना कोरा ठेवते. अक्षर हिंदीच्या क्लासमधलं आहे. भाषा आपलीच आहे.

हिंदीच्या पहिल्या पुस्तकाचं दुसरं की तिसरं पान होतं. मला वाटलं, ही अक्षरं मी कुठेतरी पाहिली आहेत. मग आठवलं, तुमच्या पत्रांवर. घरी आले आणि देवघरातल्या बिस्किटांच्या डब्यातून तुमचं एक जुनं पत्र काढलं. एक ओळ वाचायला अर्धा तास लागला, पण वाचली. हिंदीच्या पुस्तकात ळ नव्हता. तो अप्पांच्या नावातून शिकले. दोन सर्टिफिकेटं त्यांच्या डोक्यावर टांगलेली आहेत, रोज खाली बसून तुमची पत्रं वाचतात, तरी त्यांच्या मनात कधी आलं नाही. हिंदी ही काँग्रेसवाल्यांची भानगड आणि मराठी ही घरातली, दोन्हींची अक्षरं एक असतील हे त्यांच्या हिशेबातच नाही.

दिवाळीपासून तुमचं प्रत्येक पत्र मी दोनदा ऐकते. एकदा अप्पांच्या तोंडून, एकदा डब्यातून. दोन्ही सारखी नसतात.

फेब्रुवारीत तुम्ही मला प्रश्न विचारलात. अप्पांनी तो वाचला नाही, कांटापाशीच थांबले आणि घडी घातली. मला वाटलं, संध्याकाळी विचारतील. मग वाटलं, शुक्रवारी. मी महिनाभर त्यांच्या मागे मागे हिंडले, काफी दिली, पान दिलं, काही सुचतंय का म्हणून पाहिलं. एप्रिलच्या तुमच्या पत्रात वाचलं, अंबुजाचं म्हणणं बरोबर आहे. तेव्हा मला कळलं की मी काहीतरी म्हटलं होतं.

अप्पांचा राग आला. पण तुमचा जास्त आला, आणि तो अजून गेलेला नाही. माझं उत्तर तुम्हांला इतकं खरं वाटलं? लेख तुम्ही तीनदा वाचलात. कार्ड तपासलंत, सुरी घेऊन पानं कापलीत. माझं एक वाक्य आलं, तेही दुसऱ्याच्या अक्षरात, त्यावर एकदाही विचारलं नाहीत की हे तिनं खरंच म्हटलं का. लगेच पापनाशम बघा. आणि दुसरं. दोन वर्षं तीन तीन पानं लिहिलीत. त्याच कागदाच्या खाली एक ओळ तमिळमध्ये लिहिता आली असती. तुम्हांला तमिळ येतं, मला तमिळ येतं, अप्पांना ते झाकता आलं नसतं. हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. तुम्ही मला वडाम एवढंच विचारत आलात.

आज रविवार. जेवणं झाली, अप्पांनी तुमचं पत्र काढलं, आई सुपारी कातरत होती. देवसहायमपर्यंत वाचलं आणि घडी घालायला लागले. कागदाची मागची बाजू माझ्याकडे होती. मी म्हटलं, “अप्पा, मागच्या पानावर माझं नाव आहे.”

आई म्हणाली, हिला कसं कळलं? अप्पांनी मान वर करून भिंतीवरच्या सर्टिफिकेटांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग पत्र माझ्या हातात दिलं. मी उभी राहून मोठ्यानं वाचलं, तुमच्या निरोपाच्या दोन्ही ओळी. मग डब्यातून फेब्रुवारीचं आणलं आणि तेही वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, न वाचायचा परिच्छेदसुद्धा. तत्त्वज्ञ या शब्दाला अडखळले. क्लासमध्ये आम्ही त्यातला ज्ञ वेगळा म्हणतो. अप्पांनी डोळे मिटूनच तो दुरुस्त करून सांगितला आणि म्हणाले, पुढे वाच. मी तुमचा प्रश्न वाचला. तेव्हा ते म्हणाले, “याचं उत्तर मीच दिलं. हिला विचारलं नाही.” आईसमोर म्हणाले. मग उठून तिण्ण्यावर जाऊन बसले. अजून तिथेच आहेत. काफी नेऊन दिली, ती घेतली.

कांटाचं आणि येशूचं जुळतं की नाही ते मला ठाऊक नाही. देवसहायम म्हणतात तसं असेल. मला इतकंच दिसतं की खोटं बोलू नये यावर तुम्ही दोघं मामाभाचे भांडून भांडून दमलात आणि त्यात मला कोणी विचारलंच नाही.

फेब्रुवारीत विचारलं होतंत, म्हणून आता सांगते. मी तयार आहे. ट्युटोरियल असो नाहीतर नसो. पापनाशमला अप्पा उद्या स्वतः जाऊन नाही सांगून येणार आहेत, पहिल्या बसनं. पण वर जे लिहिलंय त्यावर तुमचं काय म्हणणं आहे ते मला आधी पाहिजे. मुहूर्त नंतर.

मराठीत लिहा की तमिळमध्ये, मला दोन्ही वाचता येतं. पाकिटावर नाव माझं घाला. पोस्टमन कृष्णमूर्तीला मी सांगून ठेवलंय.

अंबुजा